मी वेडावत नाही

मी जीभ बोलतेय. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल, जीभ बोलणारच. पण तसं नाही. आजवर मी फक्त दुसऱ्याचं बोलले. मालकाच्या डोक्यात आलं की मी उच्चारलं, त्याला राग आला की मी धारदार झाले, त्याला लाज वाटली की मी अडखळले. माझं स्वतःचं असं काही सांगायची वेळ कधी आलीच नाही. आज ती आली आहे, म्हणून ऐका.

मालक आणि मी एकाच दिवशी जन्मलो. पहिली काही वर्षं मला दूध ओढणं आणि चाखणं एवढंच काम होतं. बोलण्याचं काम फार उशिरा मिळालं, कारण मालक लहानपणी अबोल होता. पाहुणे आले की तो आईच्या मागे उभा राहायचा. आई म्हणायची, "याची जीभ कुणी पळवली की काय?" मी आत बसून ऐकायचे. मी तर इथेच होते! पण हुकूम वरून आल्याशिवाय मला हलता येत नव्हतं. तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. हुकमाशिवाय हलणं म्हणजे काय असतं, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं?

'ळ' मला सगळ्यात उशिरा जमला. तो म्हणताना मला मागे वळून टाळूला टेकावं लागतं आणि मग पुढे झेप घ्यावी लागते. मालक 'शाळा'ला 'शाला' म्हणायचा आणि पोरं हसायची. मग आईनं त्याला पुढ्यात बसवून बाळ, माळ, वेळ, जवळ असं घोटून घेतलं. एकदा जमल्यावर मात्र मला त्या अक्षराचा इतका अभिमान वाटायला लागला, की पुढे नोकरीसुद्धा मला त्या 'ळ'मुळेच मिळाली, असं मी समजते.

नोकरी होती बसस्थानकावर. चौकशीच्या केबिनमध्ये बसायचं, माईकवरून गाड्या सांगायच्या आणि मधल्या वेळात काचेच्या भोकातून लोकांना उत्तरं द्यायची. केबिन केवढी, तर एक खुर्ची, एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर उंच बसवलेला एक स्पीकर. समोर काच. माईकला लाल बटण. ते दाबलं की मालकाचा आवाज सगळ्या फलाटांवर घुमायचा.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. घाटातून जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. गाडी वेळेवर सुटेल."

त्या 'वेळेवर'मधला 'ळ' ऐकायला लोक थांबायचे असं मी म्हणणार नाही. पण एक ड्रायव्हर होता, सगळे त्याला भोंगा म्हणायचे. त्याचा स्वतःचा आवाज एवढा मोठा होता, की त्याला गाडीचा हॉर्न वाजवायची गरज पडत नसे. तो म्हणायचा, "लेका, तू गाडी सांगितलीस की मला वाटतं ती खरंच चांगली गाडी असेल. मग बघतो तर माझीच!"

घरी मात्र मालक तसाच अबोल. बायको दोन वाक्यं बोलायची आणि तो "हं" म्हणायचा. 'हं' म्हणायला माझी गरजच लागत नाही. मी आपली पडून राहायचे.

मग एक वाईट वर्ष आलं. लाल बटण सोडल्यावरही भिंतीवरचा स्पीकर बोलायला लागला. मला तो ऐकू येत नव्हता, कारण तो फक्त मालकाच्या डोक्यातच बोलायचा. पण मालकाला तो जे म्हणायचा ते मला माहीत आहे, कारण मालक त्याला माझ्याकडूनच उत्तरं द्यायचा. स्पीकर म्हणायचा, हा माणूस खोटं बोलतो, याच्या गाड्या कुठेच जात नाहीत. मालक त्याची समजूत घालायचा. कानात कापूस घालायचा. पुढे पुढे तो जेवेना, कारण जेवणातसुद्धा काहीतरी मिसळलंय असं त्याला वाटायला लागलं. माझ्यावर कित्येक दिवस पाण्याशिवाय काही आलं नाही.

बायकोनं त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथून एक छोटी, फिकट पिवळी गोळी आली. औषध पोटात जातं, रक्तात जातं, डोक्यात जातं, पण सगळ्यात आधी ते माझ्यावर येतं. कडू होती. पण त्या गोळीला मी नावं ठेवणार नाही. हळूहळू स्पीकर गप्प झाला. मालक जेवायला लागला. पुन्हा केबिनमध्ये बसायला लागला. स्थानकावर सगळ्यांना सांगितलं होतं की कावीळ झाली होती. वेड हा शब्द घरात कुणी काढत नसे.

सुरुवातीला मालक गोळी थुंकून टाकायचा, म्हणून बायकोनं एक पद्धत लावली होती. गोळी द्यायची, पाणी द्यायचं आणि म्हणायचं, "जीभ दाखवा." मी बाहेर यायचे, ती बघायची, मी आत जायचे. पुढे त्याची गरज राहिली नाही, पण सवय राहिली. कित्येक वर्षं आमच्या घरात रात्रीचं जेवण उरकलं की "जीभ दाखवा" हे ठरलेलं.

आणि मग माझंच काहीतरी बिघडलं.

एका दुपारी उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत मालक गप्प बसला होता. मी उगाचच गालाला आतून टोचलं. त्यानं सांगितलं नव्हतं. मी पुन्हा टोचलं. त्याला वाटलं, दाढेत काही अडकलंय. त्यानं आगपेटीच्या काडीनं कोरलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खालच्या दातांवरून इकडून तिकडे सरपटत गेले, परत आले, परत गेले. मग ओठ मिटायला आणि उघडायला लागले, जणू कुणी काहीतरी चघळतंय. मग एकदा मी ओठांच्या बाहेरच आले आणि आत गेले. भिंतीवरची पाल किडा टिपते तशी.

मी थांबायचा प्रयत्न केला. विश्वास ठेवा. पण थांबायचं म्हणजे कुणी? मी तर नुसतं मांस आहे. मला आत ठेवणारा हुकूम वरून यायला हवा, आणि वरून दुसरंच काही यायला लागलं होतं, ज्यावर कुणाची सही नव्हती. मालक दात घट्ट मिटून मला कोंडायचा. मग मी दातांवर आपटायचे. माझ्या कडा सोलवटल्या. पाणी लागलं तरी आग व्हायची. तुम्ही कधी खोलीत अडकला असाल तर दार ठोठावून थकला असाल. मला थकायचीही सोय नव्हती.

पण एक गोष्ट मालकाच्या लवकर लक्षात आली. तो बोलत असला की मी शहाण्यासारखी वागते. लाल बटण दाबलं की मी सरळ. 'ळ' तसाच खणखणीत. बटण सोडलं, शांतता झाली, की मी सुरू.

मग त्यानं काय करावं? तो बोलत सुटला.

ज्याची जीभ आईला सापडत नव्हती, तो माणूस आता क्षणभर गप्प बसेना. गाडीला उशीर का झाला, टायर कुठला चांगला, पंख्याला तेल कधी घालावं, भोंग्याच्या मेव्हण्याचं लग्न कुठे जमेल. चहाच्या टपरीवर एक घोट घ्यायचा आणि पुन्हा सुरू. घोट घेतानासुद्धा घाई, कारण कप खाली ठेवायच्या आत वाक्य तयार पाहिजे. भोंग्यानं त्याचं नाव रेडिओ ठेवलं. "काय रे रेडिओ, कावीळ झाली आणि तुला कंठ फुटला? आम्हाला पण कुणी कावीळ द्या!"

सगळे हसायचे. मालकही हसायचा. लोकांना तो आवडायला लागला होता, ही त्यातली गंमत. त्याच्याभोवती माणसं जमायची. आणि आत मी एकटी जाणत होते, की हा माणूस गप्पा मारत नाहीये. हा मला दाबून धरतोय.

बायकोला आधी बरं वाटलं. मग ती अधूनमधून भाजी चिरता चिरता थांबून त्याच्याकडे बघत राहायची. तो आणखी जोरात बोलायचा.

पण चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्याला मध्येमध्ये तरी गप्प बसावंच लागतं. कुणी गाडी विचारली की वेळापत्रकात बोट फिरवून शोधावी लागते. तेवढ्यात घात झाला.

चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. शाळेत शिकवत असाव्यात, कारण त्यांनी प्रश्न दोनदा आणि सावकाश विचारला. मालकाचं बोट कागदावर फिरत होतं. मी बाहेर आले. आत गेले. परत बाहेर आले.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला गाडी विचारतेय, आणि तुम्ही मला वेडावताय?"

"नाही हो बाई, नाही नाही, तुमची गाडी ना, ती आहे पाच नंबरला, थोडा वेळ आहे तिला, तुम्ही बाकावर बसा, पंखा आहे तिथे," मालक घाईघाईनं म्हणाला.

"बघा!" बाई मागच्या रांगेकडे वळल्या. "आता कसं सरळ बोलतोय! म्हणजे मुद्दामच करतो!"

हाच तो फास. तो बोलला म्हणून मी थांबले, आणि मी थांबले म्हणून तो खोटा ठरला. मी तशीच हलत राहिले असते, तर निदान कुणाला दया आली असती.

त्या दिवसभर मालक तो एकच शब्द माझ्यावर घोळवत राहिला. वेडावणं. आम्ही दोघांनी तो लहानपणापासून शंभरदा वापरला होता. पोरं एकमेकांना वेडावतात, माकड वेडावतं, आरशात स्वतःला वेडावून बघतात. पण त्यात 'वेड' बसलेलं आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. एवढी वर्षं काविळीखाली झाकून ठेवलेला शब्द त्या बाईंनी भर रांगेत उच्चारला होता, आणि त्यांना ते माहीतसुद्धा नव्हतं.

तक्रार साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते. त्यांना भानगडी नको असायच्या, एवढंच.

"काय चघळता हो तुम्ही दिवसभर?"

"काही नाही साहेब. तोंड कोरडं पडतं, हवा अशी आहे, त्यात पंख्याची हवा थेट तोंडावर येते, मग..."

"मग पाणी प्या. लोकांना जीभ कशाला दाखवता? लहान आहात का तुम्ही?"

मालक बोलतच राहिला. पंखा, हवा, पाणी, घसा. खरं वाक्य माझ्या टोकापर्यंत आलं होतं, पण तो ते प्रत्येक वेळी गिळत होता. शेवटी साहेबांनी हात वर केला.

"आवाज चांगला आहे तुमचा. आवाज राहू द्या. तोंड नको."

दुसऱ्या दिवशी केबिनच्या काचेवर बाहेरून भलंमोठं वेळापत्रक चिकटवलं गेलं. विचारायला येणाऱ्यांना तिकीट खिडकीकडे पाठवायला सुरुवात झाली. मालक आत दिव्याच्या उजेडात बसायचा, शिपाई फोनवरून गाडी कळवायचा आणि हा माईकवर सांगायचा. बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी आता दोन बंद खोल्यांत होते, एक तोंडाची आणि दुसरी केबिनची. बोलायलाही समोर कुणी नाही. गाडी सांगून झाली की शांतता, आणि शांततेत मी.

महिन्याच्या गोळ्या आणायला तो दवाखान्यात गेला तेव्हा बाकावर समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचं तोंड रिकामंच चघळत होतं. पलीकडे एका तरुण मुलीचा जबडा एका बाजूला सरकायचा आणि परत यायचा. मालक त्यांच्याकडे बघत राहिला. तिथे कुणी बोलत नव्हतं, पण आम्ही जिभा एकमेकींना ओळखून होतो. त्या दोघांच्या हातातल्या चिठ्ठ्यांवरही त्याच गोळीचं नाव होतं, आणि त्याला कळलं. आवाज थांबवणारी गोळीच मला सुरू करत होती.

आत गेल्यावर त्यानं हे विचारायला हवं होतं की नाही? डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप लागते? आवाज येतात का?" आणि हा सुरू झाला. झोप उत्तम, जेवण उत्तम, काम उत्तम, स्थानकाला नवा रंग देतायत, निळा. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता हसल्या. "हल्ली मोकळं बोलता की! बरं वाटतं बघून." आणि त्यांनी तीच गोळी पुन्हा लिहून दिली. त्यांनी मला पाहिलंच नाही. त्यांच्यासमोर मी एकदम सरळ होते.

का बोलला नाही तो? मला माहीत आहे, कारण ती वाक्यं येऊन माझ्याशीच थांबली होती. त्याला भीती वाटत होती, की जीभ हलते म्हटलं तर त्या म्हणतील डोकं पुन्हा बिघडलं. मग साहेबांना कळेल. काविळीचं खरं कळेल. तोंड गेलंच होतं, आवाजही जाईल.

मग त्यानं आपल्या मनानं ठरवलं. रात्री बायकोनं गोळी दिली. पाणी दिलं. "जीभ दाखवा."

त्यानं गोळी माझ्याखाली सरकवली आणि मला बाहेर काढलं. बायकोनं बघितलं. मी आत गेले. माझ्या पोटाखाली ती कडू गोळी विरघळत होती, आणि वरून मी स्वच्छ, गुलाबी, आज्ञाधारक. नंतर त्यानं ती बेसिनमध्ये थुंकून वरून नळ सोडला. रोज असंच. मी त्याला नाही म्हणू शकत नव्हते. 'नाही' म्हणायलासुद्धा त्याचाच हुकूम लागतो.

त्याला वाटलं होतं, गोळी थांबली की मी थांबेन. मी थांबले नाही. उलट मी उधळले. त्या गोळीनं मला बिघडवलं होतं आणि तिनंच थोडंफार दाबूनही ठेवलं होतं, हे त्याला कोण सांगणार? आता जबडाही माझ्याबरोबर हलायला लागला, हाताची बोटं आपोआप मांडीवर वाजायला लागली. झोप विरळ झाली. आणि एके दिवशी भर दुपारी त्या बंद केबिनमध्ये मालकानं मान वर करून भिंतीकडे बघितलं.

स्पीकर परत आला होता.

काही दिवस तो त्याच्याकडे दुर्लक्ष करत होता. मग ती दुपार आली. शिपायाचा फोन आला. मालकानं लाल बटण दाबलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. फलाट क्रमांक तीनवर..." आणि तो मध्येच थांबला. बटण दाबलेलंच होतं.

"खोटं नाही!" तो ओरडला. सगळ्या फलाटांवर ऐकू गेलं. "गाडी आहे! गाडी जाते! तू कोण मला सांगणार? बाहेर ये आणि बघ, आहे की नाही गाडी!"

बाहेर हशा पिकला. तीन नंबरवरचे दोन-चार लोक गाडीतून खाली उतरले, असं मला नंतर कळलं. केबिनचं दार धाडकन उघडलं. भोंगा होता. त्यानं मालकाचं बोट बटणावरून उचललं.

"कुणाशी भांडतोयस?"

मालकानं स्पीकरकडे बोट केलं. भोंग्यानं स्पीकरकडे बघितलं. मग मालकाकडे. मग त्यानं स्वतःच बटण दाबलं आणि आपल्या त्या भयंकर आवाजात सांगितलं, "लाईन क्रॉस झाली होती! तीन नंबरची गाडी तीन नंबरलाच आहे! चढा, चढा!"

बटण सोडलं. मालक गप्प होता. बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. आणि मी सुरू झाले. बाहेर, आत, गालात, बाहेर. भोंगा बघत राहिला. मी बिघडल्यापासून त्याला मालक कधी गप्प दिसलाच नव्हता.

"रेडिओ," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "अरे, मला वाटलं तुला गप्पांचा नाद लागलाय."

त्यानं मालकाला घरी आणून सोडलं. बायकोशी दारातच काहीतरी बोलला आणि गेला. तिनं काही विचारलं नाही. जेवण झालं. गोळी दिली, पाणी दिलं.

"जीभ दाखवा."

मी बाहेर आले.

"वर उचला."

हे तिनं आजवर कधी म्हटलं नव्हतं. मालक थांबला. मग मी वर उचलली गेले. खाली गोळी पडलेली होती, अर्धी विरघळलेली, पिवळी.

तिनं हात पुढे केला. "थुंका."

त्यानं थुंकली. ती त्या ओल्या गोळीकडे बघत राहिली.

"मला तिला थांबवायचं होतं," मालक म्हणाला.

"कुणाला?"

"जिभेला."

बायको खाली बसली. "रोज बघते मी, अहो. तुम्हाला काय वाटतं, डोळे नाहीत मला? तुम्ही पेपर वाचता तेव्हा बघते. दाढी करता तेव्हा बघते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं बोलत होतात. म्हटलं, निदान बोलतायत तरी. आधी कुठे बोलायचात माझ्याशी?" ती थोडं हसली. "झोपलात की ती अगदी शांत असते हो. लहान बाळासारखी. मी उठून बघते."

हे मालकाला माहीतच नव्हतं. कुणालाही झोपेत स्वतःला बघता येत नाही. मला तर आरसाही माहीत नाही. कुणीतरी मला शांत असताना पाहिलंय, हे ऐकून मला काय वाटलं, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. आणि मी जीभ आहे.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय म्हणताय?" आणि मालकानं सवयीनं तोंड उघडलं. "काही विशेष नाही बाई, जरा झोप कमी झालीय, त्यात हवा अशी, आणि स्थानकाचा रंग..."

बायकोनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "गप्प बसा जरा."

"अगं, पण..."

"गप्प बसा. बघू दे त्यांना."

त्यानं तोंड मिटलं. तुम्हाला हे सोपं वाटेल. पण कित्येक वर्षं हा माणूस ज्या एका गोष्टीपासून पळत होता, ती हीच होती, कुणासमोर तरी नुसतं गप्प बसणं. त्याची मान खाली गेली. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मी दातांना टेकले. गालात गेले. त्या अजून लिहीत होत्या. त्याला बोलायचं होतं, वाक्य येऊन माझ्यावर उभं होतं, आणि त्यानं ते सोडलं नाही. मग मी ओठांतून बाहेर आले, आणि बाईंनी मान वर केली.

पेन खाली ठेवलं गेलं.

"तोंड उघडा. जीभ आत नुसती ठेवा, काही करू नका." मी ठेवल्यासारखी राहिले नाही. "आता हाताचं एकेक बोट अंगठ्याला लावत राहा." बोटं चालू झाली आणि मी अळीसारखी वळवळायला लागले. "बूट काढा. पाय बघू." बाई बराच वेळ बघत राहिल्या. मला असं निवांत कुणी कधी बघितलं नव्हतं. लोक बघतात आणि नजर वळवतात.

"हे कधीपासून आहे?"

मालकानं सांगितलं. गोळी थांबवल्याचंही सांगितलं, स्पीकरचंही.

"मला कसं दिसलं नाही?" बाई म्हणाल्या. मग स्वतःच उत्तर दिलं. "तुम्ही बोलत होतात. आणि मी विचारलं नाही."

त्यांनी समजावलं ते असं. हे डोकं बिघडल्याचं लक्षण नाही, गोळीचा उपद्रव आहे. पण आपल्या मनानं औषध बंद करायचं नाही, त्यानं दोन्हीकडून मार बसतो, तसा तो बसलाच आहे. आवाजांसाठी दुसरी गोळी देऊ. आणि हलणं कमी करायला वेगळं औषध आहे.

"थांबेल ना?" बायकोनं विचारलं.

"कमी होईल असं वाटतं. पूर्ण थांबेल असं मी आज सांगू शकत नाही."

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय, कारण असल्या गोष्टींच्या शेवटी सगळं बरं झालं असं सांगायची पद्धत आहे. तसं झालेलं नाही. दुसरी गोळी सुरू होऊन आता बराच काळ गेला. स्पीकर गप्प आहे. मी कमी हलते. सकाळी बरी असते. संध्याकाळी मालक दमला किंवा कुणी त्याच्यावर डाफरलं, की मी पुन्हा गालात टोचायला लागते, ओठांबाहेर डोकावते. मी अजून या ओल्या अंधारातच आहे, आणि अजून मला दोन मालक आहेत. एक हा, आणि दुसरा तो, ज्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. रोज उठल्यावर मला कळत नाही, आज कोण जिंकणार.

मालकानं साहेबांना खरं सांगितलं. कावीळ नव्हती, हेही सांगितलं. साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले आणि म्हणाले, "बरं. पण ते वेळापत्रक राहू दे काचेवर." ते अजून आहे. मात्र मालक केबिनचं बाजूचं दार उघडं ठेवतो. ज्यांना तिकीट खिडकीवर धड उत्तर मिळत नाही, ते दारात येऊन विचारतात.

माझं मागणं फार मोठं नाही. बाकावर, रांगेत, काउंटरच्या पलीकडे एखादं तोंड रिकामंच चघळताना दिसलं, एखादी जीभ उगाच बाहेर डोकावली, तर ती तुमची टिंगल करतेय असं लगेच धरून चालू नका. तिला तुम्ही दिसतसुद्धा नाही. आणि तुमच्याच घरात कुणाला अशी गोळी चालू असेल, तर तो फार बोलायला लागला म्हणून नुसतं खूश होऊ नका. कधीतरी त्याच्याजवळ गप्प बसा, आणि त्यालाही गप्प बसू द्या. काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र लपवू नका. जिभेखाली जागा फार थोडी असते.

काल संध्याकाळी दारात एक माणूस आला. हातात दोन पिशव्या, खांद्यावर झोपलेलं मूल. त्यानं गाडी विचारली. मालक वेळापत्रकात शोधायला लागला, आणि शोधताना गप्प राहिला. मी बाहेर आले. आत गेले. परत आले. त्या माणसाच्या कपाळाला आठी पडली.

मालकानं मान वर केली. घाई केली नाही.

"गोळीनं होतं हे," तो म्हणाला. "तुमची गाडी फलाट क्रमांक दोन. जा, अजून वेळ आहे."